‘हथियार लाना मना है’ लिहिलेल्या ठिकाणी जायचं का? ग्वाल्हेरच्या लायसन्सवाल्यांसाठी

लग्नसराई आली की आपल्याकडे हा विषय निघतोच. मॅरेज गार्डनच्या गेटवर बोर्ड, मॉलच्या दारात बोर्ड, बँकेत बोर्ड, हल्ली काही हॉटेलांच्या आणि कोचिंगच्या बाहेर पण, की हथियार घेऊन आत यायचं नाही. मग आपल्यातलेच काही जण तापतात, की लायसन्स सरकारनं दिलंय, त्याच्यावर कलेक्टर ऑफिसचा शिक्का आहे, हा गार्डनवाला कोण लागून गेला आम्हाला अडवणारा, जिथे आमचं रिवॉल्वर चालत नाही तिथे आमचा पैसा पण जाणार नाही. ऐकायला जोरदार वाटतं. पण मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगून मग प्रत्यक्षात काय करायचं ते सगळं लिहितो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. बहुतेक ठिकाणी जायचं, बंदूक घरी ठेवून जायचं, आणि एकाच प्रकारच्या ठिकाणी अजिबात जायचं नाही. ते कुठलं ते पुढे येईल.

हा ‘आमची बंदूक नाही तर आमचा पैसा नाही’वाला विचार मुळात अमेरिकेतला, तिकडच्या रील्स बघून आपली पोरं तो उचलतात. तिकडे बंदूक ठेवणं हा घटनेतला हक्क आहे, आणि २०२२ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं न्यूयॉर्कच्या एका केसमध्ये सांगितलं की स्वतःच्या रक्षणासाठी घराबाहेर शस्त्र बाळगणं हा सुद्धा त्याच हक्काचा भाग. आणि एवढं असून सुद्धा तिथला दुकानदार आपल्या दुकानात नाही म्हणू शकतो बरं का. टेक्सासमध्ये तर त्याचा ठरलेला बोर्ड आहे, लपवून आणायच्या शस्त्रासाठी कलम ३०.०६ चा आणि उघड दिसणाऱ्यासाठी ३०.०७ चा, अक्षरं किमान एक इंच उंच, मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, आणि तो वाचून पण आत घुसलात तर गुन्हा. स्टारबक्सच्या हॉवर्ड शुल्ट्झनं २०१३ मध्ये गिऱ्हाइकांना उघड पत्र लिहून विनंती केली की आमच्याकडे बंदुका आणू नका, बंदी नाही घातली, फक्त विनंती. २०१९ मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, २३ माणसं गेली, त्यानंतर वॉलमार्टनं पण सांगितलं की उघड बंदूक लावून येऊ नका, परमिटवाल्यांच्या लपवलेल्या शस्त्राला मात्र हात लावला नाही. असल्या दुकानांमध्ये जायचं की नाही यावर तिकडचे बंदूकवाले आपसात भांडतात, काही जण मॅनेजरच्या हातात छापील कार्ड ठेवून निघून येतात की तुमच्या बोर्डामुळे आमची खरेदी दुसरीकडे. त्यांच्या मातीत त्या वादाला अर्थ आहे, कारण भांडण हक्काचं आहे.

आपलं तसं नाही. आपल्याकडे १९५९ चा आर्म्स ॲक्ट आहे आणि लायसन्स म्हणजे परवानगी, ती पण अटींसकट. ती मिळवायला आपल्या भागात लोकांनी काय काय केलंय ते आठवा, २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला लायसन्समध्ये प्राधान्य होतं, २०१९ मध्ये इथेच ग्वाल्हेरात अर्ज करणाऱ्यांना झाडं लावायला आणि गोशाळेत कांबळी द्यायला सांगितलं होतं. जी गोष्ट अर्ज करून, चौकशी होऊन, अटी मान्य करून मिळते तिच्या जोरावर दुसऱ्याच्या दारात ‘माझा हक्क’ म्हणून उभं राहता येत नाही.

पहिलं काम: स्वतःचं लायसन्स वाचा

खरंच काढून वाचा. फोटो आणि नंबरवालं पान नाही, अटींचं पान. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की खास परवानगी नसेल तर शस्त्र मेळ्यात, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात न्यायचं नाही. आता हे आपल्या गावाला लावून बघा. १९०५ पासून भरणारा आपला व्यापार मेळा हा मेळाच आहे, तेव्हा तिथल्या गेटवर कोणी अडवलं तर तो नवीन काही सांगत नाहीये. तानसेन समारोह जमावात आला. गणपती विसर्जनाची मिरवणूक आली. कोचिंग आणि कॉलेजच्या आवारात तर न्यायचा प्रश्नच नाही. म्हणजे ज्या बोर्डांवर आपण चिडतो त्यातले कितीतरी बोर्ड आपल्याच लायसन्समधली ओळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवतात, एवढंच.

त्याच्यापुढे २०१६ चे आर्म्स रूल्स. सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेली, आणि तुमच्या ताब्यात हवी, शस्त्र काढून दाखवणं किंवा चालवणं साफ मना. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनाऐवजी दोनच हत्यारं, लायसन्सची मुदत तीनऐवजी पाच वर्षं, आणि आनंदाच्या भरात उडवलेल्या गोळीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ही शेवटची ओळ ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी घरातल्या सगळ्या पुरुषांना मोठ्यानं वाचून दाखवावी असं मला मनापासून वाटतं.

गार्डनवाल्याच्या जागी उभं राहून बघा

मुरार असो की सिटी सेंटर, मॅरेज गार्डन चालवणाऱ्या माणसाचा विचार करा. वरात गेटवर आली, बँड वाजतोय, डीजे वेगळा वाजतोय, कोणीतरी प्यालेला, आणि त्यानं दुनाळी वर करून चाप ओढला. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. नाचताना हात हलला की ती वर पण जात नाही, समोर जाते, आणि समोर कोण असतं तर छतावरून वरात बघणारं पोरगं, बँडमधला माणूस, व्हिडिओवाला, कधी खुद्द नवरदेव. चंबळ पट्ट्यात अशा बातम्या आपण लहानपणापासून वाचत आलोय. त्यानंतर पोलीस येतात ते गार्डनवाल्याकडे, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, उचलून नेतात, मालकाची जबानी, कर्मचाऱ्यांची जबानी, सीझनची बुकिंगं धोक्यात. ज्यानं गोळी उडवली तो तोपर्यंत गाडीत बसून पसार. एवढं सगळं ज्याच्या डोक्यावर येतं त्यानं दारावर चार शब्द लिहिले तर त्यात आपला अपमान कुठे झाला? जागा त्याची आहे, जोखीम त्याची आहे.

आणि आपला, म्हणजे नीट लायसन्स सांभाळणाऱ्यांचा, यात स्वार्थ पण आहे. लग्नात उडालेल्या प्रत्येक गोळीनंतर प्रशासन कडक होतं, रिन्युअलला जास्त चकरा, जास्त प्रश्न, आणि भोगतो कोण तर ज्याचं हत्यार वर्षानुवर्षं कपाटातच आहे तो. म्हणून माझं म्हणणं असं की बोर्ड लावणाऱ्याकडेच जास्त जा, बुकिंग त्याला द्या.

जायचं की नाही हे कसं ठरवायचं

मी एकच गोष्ट बघतो. बोर्ड सगळ्यांना सारखा आहे का.

बोर्ड लावलाय, गेटवर माणूस आहे, तो प्रत्येकाला तपासतो, वकील असो, ठेकेदार असो, नवरदेवाचा मामा असो, मग डोळे मिटून जा. पण असं पण असतं की बोर्ड लावलेला, साध्या माणसाच्या कमरेला हात लावून बघतात आणि कुठल्यातरी भैयाजींची काळी गाडी आली की त्यांच्याबरोबरचे चार जण खांद्यावर ३१५ बोरची रायफल लावून सरळ आत, गार्ड सलाम ठोकतो. या ठिकाणी जाऊ नका. मी जात नाही, आणि नातेवाइकांना स्पष्ट सांगून जात नाही. कारण आत बंदुका आहेतच, दारू आहेच, आणि तपासणी झाली म्हणून बाकी सगळे निर्धास्त आहेत. बोर्ड नसलेल्या जागेपेक्षा ही जागा जास्त वाईट. (ड्यूटीवरचा पोलीस, ज्याला कोणाच्या सुरक्षेसाठी सरकारनं नेमलंय, तो वेगळा, त्याची गल्लत करू नका.)

हे कळणार कसं? बुकिंगच्या आधी तिथे दुसऱ्या कोणाच्या लग्नाच्या रात्री, वरात यायच्या वेळेला, गेटपाशी थोडा वेळ थांबा. सगळं दिसतं. मग मॅनेजरला सरळ विचारा, की बोर्ड आहे पण तपासणी कोण करतं, आमच्याकडचाच एखादा वजनदार पाहुणा हत्यार घेऊन आला तर तुमचा माणूस त्याला थांबवेल का, की आमच्या तोंडाकडे बघेल? जो मॅनेजर म्हणाला की ‘साहेब तेवढं ॲडजस्ट करून घेऊ’ त्याला ॲडव्हान्स देऊ नका. जो म्हणाला की तुम्ही यजमान म्हणून आम्हाला लिहून द्या, आम्ही कोणाला सोडणार नाही, त्याला द्या. आणि खरंच लिहून द्या. पत्रिकेत पण एक ओळ छापा, ‘कृपया शस्त्र आणू नये’, आपल्या मराठी घरांच्या पत्रिकांमध्ये ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ छापतातच की, त्याच्याच खाली.

मग हत्यार ठेवायचं कुठे

इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडीत ठेवायचं नाही. डॅशबोर्डमध्ये नाही, सीटखाली नाही, डिक्कीत पण नाही. गार्डनबाहेर रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाडीची काच फोडायला कितीसा वेळ लागतो, आणि चोराला लॅपटॉपच्या ऐवजी भरलेलं रिवॉल्वर मिळालं तर पुढे त्यानं काय केलं याचा पहिला धागा तुमच्या नंबरपर्यंत येणार. चोरी झालीच तर लगेच जवळच्या ठाण्यात रिपोर्ट करणं ही लायसन्सची अट आहे, सकाळी बघू असं चालत नाही. ड्रायव्हरला ‘सांभाळ जरा’ म्हणून देणं तर त्याहून वाईट.

आणि गेटवरच्या गार्डला द्यायचं नाही, भले तो टोकन देत असेल. बरीच चांगली माणसं इथे फसतात, कारण गार्ड विनयानं म्हणतो ‘दादा, यहाँ जमा कर दो, जाते समय ले लेना’ आणि आपल्याला वाटतं की आपण नियम पाळतोय. अहो, लायसन्स तुमच्या नावाचं आहे, त्याच्या नाही. त्याच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये तुमचं ३२ बोर तीन तास पडून राहिलं तर त्या तीन तासांत बिनलायसन्सच्या माणसाच्या हातात हत्यार आहे, तो पण अडचणीत आणि तुम्ही पण. त्याच ड्रॉवरमध्ये आणखी चौघांची असतील, गर्दीत अदलाबदल झाली तर काय कराल? गार्डला शांतपणे सांगा की भाऊ, हे तुला देता येत नाही, मी घरी ठेवून येतो. आणि खरंच घरी जा. उशीर होईल, सीमांतपूजन हुकेल, चालेल.

काही दिवस गावाबाहेर असाल, किंवा घरी सुरक्षित जागा नसेल, तर लायसन्सवाल्या गन हाउसमध्ये, म्हणजे बंदुकांच्या दुकानात, जमा करा, ज्यांच्याकडे ठेवून घ्यायची परवानगी आहे त्यांच्याकडेच. निवडणुकीच्या वेळी आपण करतो तसंच. पावतीवर हत्याराचा नंबर, बोर आणि काडतुसांची संख्या स्वतः ताडून मगच काउंटर सोडा. रात्री ही दुकानं बंद असतात, म्हणून लग्नाच्या संध्याकाळी धावपळ करण्यात अर्थ नाही, आदल्या दिवशी दुपारीच उरकून टाका.

घरी ठेवायची पद्धत पण सांगतो, कारण ‘घरी ठेवून आलो’ म्हणजे कित्येकदा उशीखाली ठेवून आलो असं असतं आणि लग्नाच्या घरी पाहुण्यांची पोरं सगळीकडे उकरत असतात. आधी खोलीचं दार लावा, नळी अशा भिंतीकडे ज्याच्या पलीकडे कोणी नाही, बोट चापापासून लांब. आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या ३२ च्या रिवॉल्वरची वरची कळ सोडवून नळी खाली दुमडली की काडतुसं मागून वर उचलली जातात, ती सगळी तळहातावर घ्या, मग सहाच्या सहा भोकांतून उजेड आरपार दिसतोय का बघा, आणि बोट फिरवून पण बघा, नुसत्या नजरेवर विसंबू नका. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढा आणि मगच स्लाइड मागे ओढा. क्रम उलटा झाला तर स्लाइड सोडताना मॅगझिनमधली वरची गोळी पुन्हा चेंबरमध्ये जाते आणि तुम्हाला वाटतं की रिकामं झालं. काडतुसं मोजून वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात. हत्यार लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात. दोन्ही किल्ल्या तुमच्या खिशात, देवघरातल्या खुंटीवर नाही, कारण ती खुंटी घरातल्या सगळ्यांना माहीत असते.

ज्यांना खरोखरच धोका आहे त्यांच्यासाठी

हे वरचं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू होत नाही, ते मी मान्य करतो. सराफ्यातला माणूस माल घेऊन निघतो, पेट्रोल पंपाची रोकड बँकेत जाते, कोणी एखाद्या खटल्यात साक्षीदार आहे आणि धमक्या येतायत. यांनी हत्यार शौकासाठी घेतलेलं नाही. त्यांना ‘घरी ठेवा’ म्हणणं सोपं आहे, रस्त्यावर ते असतात.

त्यांनी काम उलट्या बाजूनं आखावं. जिथे शस्त्र नेता येत नाही ती जागा वाटेत येऊच नये असा दिवस लावायचा, म्हणजे रोकड भरून झाली की सरळ घरी किंवा दुकानात, हत्यार कपाटात, मग मॉल, मग हॉटेल. माल अंगावर असताना मध्येच बायकोच्या साडीसाठी महाराज बाड्यावर उतरायचं नाही. बँकेच्या मॅनेजरशी आधी फोनवर बोला, की मी अमुक वेळेला रोकड घेऊन येणार, बरोबर लायसन्सी हत्यार असतं, तुमच्याकडे काय व्यवस्था आहे. बँकेला रोजचा व्यवहार हवा असतो, काहीतरी मार्ग निघतो, गर्दी नसलेली वेळ देतात, नाहीतर आपला माणूस सशस्त्र राहून बाहेर थांबतो आणि रोकड घेऊन दुसरा आत जातो, फक्त बाहेर थांबणाऱ्याचं स्वतःचं लायसन्स हवं. आणि एखाद्या ठिकाणी कशानंच जमत नसेल, पार्किंग अंधारात आहे, गेटवर कोणी नाही, आणि वर शस्त्रबंदीचा बोर्ड, तर खुशाल दुसरीकडे जा. हा बहिष्कार नाही, ही गरज आहे, आणि ती त्या मालकाला सांगा पण. गप्प राहून गिऱ्हाईक तोडलं तर त्याला कळणार कसं.

सांगायचं कसं, तर काउंटरवर आवाज चढवून नाही. साधा मेसेज पाठवा, असा काहीतरी: ‘नमस्कार, मी तुमचा जुना ग्राहक. तुमचा शस्त्रबंदीचा बोर्ड मला मान्य आहे. पण मला कामामुळे हत्यार जवळ ठेवावं लागतं आणि तुमच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी दिवा आणि माणूस दोन्ही नसतात. एवढी सोय केलीत तर मी पुन्हा येईन.’ यात धमकी नाही, टोमणा नाही, आणि काय सुधारायचं ते नेमकं आहे.

आणि घरातल्या काकांना काय सांगायचं

बोर्डवाल्याला समजावणं सोपं आहे, नानाकाकांना समजावणं अवघड. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या घरांमध्ये शिंदेशाहीच्या काळापासूनचं काहीतरी असतंच, कोणाकडे पणजोबांची दुनाळी, कोणाकडे तलवारी, आणि काका म्हणणार की आपल्या घरची वरात बंदुकीशिवाय निघाली तर लोक काय म्हणतील. काकांशी वाद घालू नका. त्यांना म्हणा, ‘काका, दसऱ्याला शस्त्रपूजन तुमच्याच हातानं होतं, दुनाळी तेल लावून, हळदकुंकू वाहून देवापुढे ठेवतो, तिचा मान तिथे आहे, दारूच्या गर्दीत नाही.’ आणि तरी ऐकलं नाही तर लायसन्सवर नाव कोणाचं आहे ते विचारा, कारण कित्येक घरांत लायसन्स वडिलांच्या नावावर आणि मिरवणारे पुतणे असतात. ज्याचं नाव नाही त्याच्या खांद्यावर ती एक मिनिट पण जाता कामा नये, मग वरात घरचीच का असेना. लग्नाच्या आठवड्यात किल्ली आजीकडे द्यायची नाही, मुलाकडे द्यायची नाही, लायसन्सवाल्यानंच जवळ ठेवायची.

एक शेवटचं, वरात ग्वाल्हेरबाहेर जाणार असेल तर. आपण धौलपूरला निघालो की राजस्थान लागतं, झाशी आणि आग्र्याकडे निघालो की उत्तर प्रदेश, आणि अंतर इतकं थोडं की हद्द ओलांडल्याचं भान राहत नाही. लायसन्सवर क्षेत्र लिहिलेलं असतं, जिल्हा, राज्य की सगळा भारत. तिकडच्या गार्डनवर बोर्ड नसला तरी तुमचं क्षेत्र मध्य प्रदेशापुरतं असेल तर ते हत्यार तिथे बिनलायसन्सचंच धरलं जाईल. निघायच्या आधी ते पान पुन्हा बघा आणि शंका असेल तर कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र शाखेत आधीच विचारून घ्या.